परक्या घरची नात

जात्याच्या खुंट्यावर दोन मुठी मावतात. वरची आजींची होती, खालची आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीची. भोर तालुक्यातलं गाव, डिसेंबरची सकाळ, सारवलेली पडवी. गोणपाटावर जातं मांडलेलं आणि त्याच्याभोवती नाचणीच्या पिठाचं तांबूस कडं हळूहळू धरत चाललेलं. मुलगी हात ताठ धरून खांद्यातून जोर लावत होती, त्यामुळे वरचा दगड अर्ध्या फेऱ्यातच अडखळायचा. "हात ढिला सोड गं बाय," आजी म्हणाल्या, "खुंटा तुला नेतोय, तू त्याला कशाला नेतीस?" तिने हात सैल केला. घरघर एकसारखी झाली आणि चार-पाच फेरे होतात न होतात तोच आजींच्या तोंडून ओवी आली.

त्याआधी बराच वेळ ती मुलगी आणि तिच्या गटातला एक मुलगा फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून आजींसमोर मांडी घालून बसले होते. "आजी, ओव्या म्हणा ना." आजींना एकही आठवत नव्हती. गिरण आली आन् समदं गेलं, असं म्हणून त्या पदराने चेहरा पुसत होत्या. हात मांडीवर ठेवून बसलं की ओवी आठवत नाही, हे जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. ओवी चालीत असते, चाल फेऱ्यात असते आणि फेरा दंडात. शेवटी आजींनीच सुनेला हाक मारली आणि कोपऱ्यातलं जातं ओढायला लावलं. आता ते फक्त लग्नाच्या हळदीपुरतं बाहेर येतं. त्याला सुपारी-हळकुंड बांधतात, सवाष्णी खुंट्याला हात लावतात, मूठभर हळकुंडं भरडतात आणि पुन्हा ते कोपऱ्यात जातं. टाकी लावून घेतल्याला वर्षं झाली होती, पीठ जाडंभरडं पडत होतं. त्या सकाळी त्याचं कुणालाच काही नव्हतं.

मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यातल्या बायकांच्या ओव्या जमवायला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980च्या दशकात सुरुवात केली. पुढे त्या एक लाखाहून जास्त झाल्या, हजाराहून अधिक गावांतून आल्या, आणि 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात कुणालाही ऐकता येतील अशा खुल्या होत गेल्या. कॉलेजच्या शिबिराला निघण्याआधी मी मुलांना त्यातल्या काही ऐकवते. मुलं आधी शब्द लावायचा प्रयत्न करतात, मग तो सोडून देतात आणि नुसता आवाज ऐकत राहतात. भाऊ, माहेर, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, नांदायला गेलेली लेक, बाबासाहेब आंबेडकर, पहिला पाऊस. एका बाईच्या आयुष्यात जे जे येऊन गेलं ते सगळं दोन-दोन ओळींत बसवलेलं.

मला मात्र नेहमी वाटतं ते ऐकणाऱ्याबद्दल. या ओव्या कुणासाठी म्हटल्या होत्या? पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, समोर जातं आणि फार तर खुंट्याच्या पलीकडे जाऊ किंवा नणंद. सासूचा जाच सासूच्या घरात मोठ्याने म्हणता यायचा, कारण तो दगडाला सांगितलेला असायचा. दगड उलट बोलत नाही आणि चावडीवर जाऊन सांगतही नाही. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसला, तिच्याबरोबर दळू लागला, ही कथा महाराष्ट्राने इतकी जपली, पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून आजही दाखवतात, त्यामागे मला एवढंच मागणं दिसतं: खुंट्यावर दुसरा हात असावा आणि तो ऐकून घेणाऱ्याचा असावा. देव तिथे आला तोही घरचा माणूस म्हणून आला नव्हता. अनोळखी पाहुणा यावा तसा आला, दळलं, ऐकलं आणि उजाडायच्या आत निघून गेला.

आमची मुलंही पाहुणीच असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली, तेव्हा त्यात चाळीस हजार विद्यार्थी होते. वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पिठलं-भाकरीनंतर सांस्कृतिक कार्यक्रम. बंधाऱ्याची वाळू भरलेली पोती, शोषखड्डे, झाडांना आळी, याची मुलांना सवय होते. 'ज्येष्ठांशी संवाद' या दोन तासांपुढे मात्र ती अवघडतात. कुदळ हातात असली की काय करायचं ते कळतं. एका म्हाताऱ्या माणसासमोर रिकाम्या हाताने बसणं हे अवघड काम आहे, आणि ते कुठल्या तासिकेत शिकवता येत नाही.

फळवाटप आणि त्यानंतरचा फोटो हा या अवघडलेपणावरचा सोपा उपाय सगळीकडे चालतो. केळी आणि सफरचंदं द्यायची, रांगेत उभं राहायचं, निघायचं. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. देणारा उभा आणि घेणारा बसलेला असला की बोलणं होत नाही, एवढंच.

त्यापेक्षा सर्वेक्षणाचा फॉर्म बरा. निदान दोघं एका पातळीवर बसतात. फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना असतो, आणि आमच्या मुलांना दर शिबिरात नवल वाटतं की गावातले निम्मे म्हातारे 1 जूनलाच कसे जन्मले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख ती. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांची तारीख पुढे कुणीतरी कार्ड काढताना अंदाजाने टाकलेली. मुलं ती उतरवून घेतात, पण एखादा मुलगा विचारतो, "आजी, खरं वय किती?" आणि तिथून फॉर्म बाजूला राहतो. कोयनेचा भूकंप झाला तवा मी पहिलटकरीण होते, असं त्या सांगतात. मुलगा फोनवर शोधतो: 11 डिसेंबर 1967. मग 1972चा दुष्काळ येतो. घाटावरच्या माहेरी गेले होते, खडी फोडायच्या कामावर भावजयीबरोबर मीबी पाटी उचलली. सुकडी मिळायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली, तिची भाकरी थापताना फुटायची, दळताना जात्याला वास यायचा. मुलाने मिलो हा शब्द पहिल्यांदाच ऐकलेला असतो. तो विचारतो, कसा वास? आजी डोळे मिटतात आणि वास आठवतात. असा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो.

याच वेळी दाराच्या चौकटीत सून उभी असते. हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मी म्हातारीकडे कमी आणि चौकटीकडेच जास्त बघते. हातात परात किंवा कडेवर मूल, आणि चेहऱ्यावर थोडं आश्चर्य, थोडा राग. "आम्हाला कधी सांगितलं नाही हे." खरंच सांगितलेलं नसतं. एका छपराखाली पंचवीस-तीस वर्षं काढली, आजारपणं काढली, भांडणं केली, आणि हे नाही सांगितलं. सांगायचं तरी कसं? घरात प्रत्येक वाक्याला मागचा-पुढचा संदर्भ असतो. भावजयीबरोबर पाटी उचलली म्हटलं की, म्हणजे माहेरी तुमचे हाल होते तर, असं कुणीतरी म्हणणार. मुलासमोर त्याच्या वडिलांविषयी बोलायचं नसतं, सुनेसमोर सासूपण सांभाळायचं असतं, आणि नातवंडांना 'आमच्या वेळी' हे दोन शब्द ऐकताच पुढचं सगळं पाठ असल्यासारखं वाटतं. बाहेरून आलेल्या पोरीला यातलं काहीच ठाऊक नसतं. ती भांडणात कुणाच्या बाजूची नसते. सातव्या दिवशी ती एस.टी.त बसून निघून जाणार असते. तिच्याजवळ सांगितलेलं या घरात पुन्हा कधी वर येणार नाही, हा भरवसा तिच्या परकेपणात असतो. आणि तिच्या मांडीवरची वही, छातीवरचा बिल्ला, 'कॉलेजातून आलोय' हे कारण, या सगळ्यामुळे सांगणाऱ्याचीही अब्रू राखली जाते. आपण मन मोकळं करत नाही, पोरांना अभ्यासाला मदत करतोय, असं म्हणता येतं.

शहरात हेच दुसऱ्या वाटेने दिसतं. पुण्यातल्या एका विरंगुळा केंद्रात आमची मुलं शनिवारी दुपारी फोन शिकवायला जातात. कॅरम, वर्तमानपत्रं, चहाची किटली, आणि एका टेबलाभोवती चष्मे वर-खाली करत बसलेली मंडळी. नोव्हेंबरमध्ये गर्दी वाढते, कारण निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आलं तेव्हापासून बोटाचा ठसा चालायचा, पण ज्यांनी आयुष्यभर यंत्रावर, चुन्यात, साबणात हात घातले त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. 2021 पासून फोनने चेहरा दाखवूनही दाखला निघतो. मुलगी फोन धरते आणि म्हणते, "आजोबा, आता डोळे मिटा आणि उघडा." आजोबा जिवंत असल्याची नोंद होते. त्या पापणी लवण्याकडे ती पोरं ज्या गंभीरपणे बघतात ते बघायला मला आवडतं.

तिथे एक गृहस्थ येतात, कारखान्यात हिशेब तपासण्याचं काम केलेले. मुलगा परदेशात. वीजबिल फोनवरून कसं भरायचं हे तो व्हिडिओ कॉलवर सांगतो, पण फार भराभर. दुसऱ्यांदा विचारलं की त्याच्या आवाजात फरक पडतो. तो काही बोलत नाही, पण फरक पडतो. आमच्या विद्यार्थ्याला मात्र ते तीच गोष्ट पाचव्यांदाही विचारतात. विचारताना वहीत आकड्यांनी पायऱ्या लिहितात, अक्षर अजून सुंदर आहे. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं त्याच्यापुढे आपलं चाचपडणं दिसू नये, असं बापाला वाटतंच. परक्या पोराला त्यांचं ऐन उमेदीतलं रूप माहीत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे उणं पडण्याचा प्रश्न येत नाही.

म्हणजे रक्ताचं माणूस शिकवूच शकत नाही असंही नव्हे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत जाऊ लागल्या. त्यामागे इच्छा होती पोथी स्वतः वाचण्याची, सही करता येण्याची. त्यांचा गृहपाठ घरी नातवंडांनी घेतला. आजी ओसरीवर पाटी घेऊन बसली आहे आणि नातू तिच्या हातावर हात ठेवून अक्षर गिरवून घेतो आहे. 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमातही शाळा-कॉलेजातली मुलं स्वयंसेवक होऊन घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांना शिकवतात. मार्च 2024 मध्ये त्याची परीक्षा झाली तेव्हा म्हातारी माणसं बाकांवर बसली होती. अक्षर घरच्या नातवाकडून घेता येतं. त्याचा दोघांनाही आनंदच असतो, कारण अक्षर कोरं असतं. त्याच्यात अजून कुणाचं काही गुंतलेलं नसतं. गोष्टींचं तसं नसतं.

नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर नावाच्या शहरात ह्युमॅनिटास हे वृद्धांचं निवासस्थान आहे. तिथे 2012 पासून काही विद्यार्थ्यांना भाड्याशिवाय खोली मिळते. अट एकच: महिन्याचे 30 तास चांगला शेजारी म्हणून राहायचं. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला आमचे 120 तास आठवले. माणुसकीचे तास मोजायचे, हे कित्येकांना रुचत नाही. सहकारी म्हणतात, मुलं तासांसाठी येतात. येऊ देत. मला तासांचा तो हिशेब चांगला वाटतो. आपण होऊन कुठला एकोणीस वर्षांचा मुलगा अनोळखी आजोबांच्या खोलीत जाऊन बसेल? त्याला कारण हवं असतं, आणि तेवढंच ते आजोबांनाही हवं असतं. डायरीत तास भरायचे आहेत हे कारण दोघांनाही पुरतं. एकदा बसल्यावर पुढे काय होतं ते डायरीत नसतं.

आणि पुढे जे होतं ते एकाच बाजूने होत नाही. आमच्याकडची बरीच मुलं बाहेरगावची, खोली करून राहणारी. घरी फोनवर 'जेवलास का' आणि 'अभ्यास कसा चाललाय' या दोन प्रश्नांची ठरलेली उत्तरं देणारी. शिबिरातल्या एका मुलाचे आधीच्या वर्षाचे विषय राहिले होते आणि घरी त्याने ते सांगितलं नव्हतं. हे आम्हा शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. ते कळलं एका आजोबांकडून. मुलगा रोज दुपारी त्यांच्याबरोबर गुरांमागे जायचा. निघायच्या दिवशी आजोबा शाळेत आले, मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "पोरगं गुणी हाय बाई. इषय राह्यल्यात त्याचं. बापाला सांगायला भ्या वाटतंय त्याला. तुमी जरा बघा." माळावर बसून दोघांनी एकमेकांना काय काय सांगितलं असेल! आजोबांनीही त्याला काही सांगितलं असणारच. तो मुलगा ते बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

जी मुलगी खुंट्याला हात लावून दळत होती ती मावळातली. पुढे काही दिवसांनी तिने आपल्या सख्ख्या आजीकडून ओव्या घ्यायचं ठरवलं. घरी जातं होतं, आजीचे हात चालत होते. आजी म्हणाली, "तुला काय सांगायचं? तू घरचीच." नातीने हट्ट केला तेव्हा दोन-तीन देवाच्या ओव्या म्हटल्या आणि उठली. मुलगी हिरमुसून आली. तिच्या खोलीतली मैत्रीण लातूरकडची, औसा तालुक्यातली. दोघींनी मिळून एक युक्ती काढली, आणि ती मला इतकी आवडली की मी कौतुकाने सगळ्यांना सांगितली. दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी आज्या बदलल्या. लातूरची मुलगी मावळात गेली, मावळातली औशाकडे.

मावळच्या आजीने परक्या नातीला भरभरून ओव्या दिल्या, त्यातल्या अर्ध्याअधिक सासरच्या. रेकॉर्डिंगमध्ये आजी मधेच हसते आणि म्हणते, हे आमच्या पोरीला ऐकवू नको. अर्थात ते ऐकवलं गेलं, आणि दोघी मैत्रिणी खूप हसल्या.

औशाकडची गोष्ट निराळी झाली. त्या आजींचं माहेर लातूरच्या भूकंपातल्या गावांपैकी. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जाड दगडमातीच्या भिंती, वरची माळवदं खाली आली. नात त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. त्यांच्या घरात त्याबद्दल बोलत नाहीत. दर वर्षी त्या तारखेला आजी जेवत नाही, एवढंच तिला माहीत. मावळची मुलगी तिथे राहिली, आजींबरोबर डाळ निवडत बसली, त्यांच्याबरोबर शेतात गेली. एका दुपारी आजींनी तिला फोन आत ठेवून यायला सांगितलं आणि काहीतरी सांगितलं. कुणाला सांगणार नाहीस, असं वचन घेतलं. परत आल्यावर तिने मैत्रिणीला एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं की आजी बोलल्या, आणि काय बोलल्या ते मी सांगू शकत नाही.

लातूरची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "मॅडम, आजी माझी आहे." तिने गावी फोन करून आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, "सांगितलं की एकीला. झालं."

मी तिच्यासाठी चहा मागवला. कितीतरी वेळ ती बोलत राहिली: आजीबद्दल, आपण न पाहिलेल्या त्या गावाबद्दल, आजीच्या कपाटातल्या एका पत्र्याच्या डब्याबद्दल, जो उघडायची घरात कुणाला मुभा नाही. तिने यातलं मैत्रिणीजवळ कधी काढलं नव्हतं, आईजवळ तर नाहीच.

आता या डिसेंबरच्या शिबिराचे गट पाडायचे आहेत. मावळची मुलगी म्हणते, मला ज्येष्ठांच्या गटातच ठेवा. लातूरची म्हणते, मला बंधाऱ्यावर पाठवा, त्या गटात नको. काल ती पुन्हा येऊन गेली. ठरवायला शनिवारपर्यंत वेळ द्याल का, असं विचारत होती. दिला आहे.